लाल अक्षरांतलं नाव

ओम्मा, म्हणजे आमची आई, दारातच थांबली. पुढे टेकवलेली काठी तिने मागे घेतली.

"काय झालं?" मी विचारलं.

"त्या भिंतीवर काय लिहिलंय?"

संग्रहालयाच्या पांढऱ्या भिंतीवर हातभर उंच अक्षरं होती. इन-सुक पियॉन. माझ्या थोरल्या बहिणीचं, नूनाचं नाव. त्याखाली बारीक अक्षरांत 'चाळीस वर्षांची चित्रं' एवढंच. सगळं लालभडक.

"नूनाचं नाव आहे. किती मोठं केलंय बघ."

"लाल आहे."

"तिची चित्रं लाल, म्हणून असेल."

"जिवंत माणसाचं नाव लाल रंगात लिहितात का रे? मेल्यावर लिहितात. गाडी काढ, घरी जाऊ."

आमच्या कोरियन घरात नाव लिहायला लाल पेन्सिल कधी वापरली नाही. सात वर्षांची असताना नूनाने वहीवर लाल खडूने आपलं नाव लिहिलं होतं, तेव्हा ओम्माने नव्या कोऱ्या वहीचं पान टरकावलं आणि मग स्वतःच रडत बसली. हे सगळं ठाऊक असूनही मी वकिली करून पाहिली.

"अगं, हे इंग्रजीत आहे."

"मग? मरण काय भाषा विचारून येतं?"

ओम्मापुढे माझी वकिली कधीच टिकत नाही. म्हणून तर छप्पन्नाव्या वर्षीही मी इथे अमेरिकेत, फ्लशिंगमधलं तिचं कपडे धुण्याचं दुकान चालवतो आहे.

त्या दुकानात एकतीस वर्षं डाग काढायचं काम ओम्माचं होतं. दारू, लिपस्टिक, मिरचीची पेस्ट, काहीही आणा. आणि पोटच्या पोरीने आयुष्यभर काय केलं, तर पांढऱ्याशुभ्र कापडावर लाल रंग लावला. पहिलं चित्र पाहून ओम्माने विचारलं होतं, "काय सांडलं?" पुढे मुलगी काय करते असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "शिकवते." ते खोटं नव्हतं. नूना बावीस वर्षं एका कॉलेजात तासांवर चित्रकला शिकवत होती, आणि चित्रं तिच्या गॅरेजमध्ये भिंतीला तोंड करून उभी होती. एकदा एका शहाण्याने वर्तमानपत्रात लिहिलं की हा लाल म्हणजे किमचीचा, आमच्या कोबीच्या तिखट लोणच्याचा लाल. त्यानंतर वर्षभर आम्ही तिला बरणी म्हणायचो. ती हसायची, पण तो कागद तिने जपून ठेवला नाही.

आता एकसष्टाव्या वर्षी हे पहिलं मोठं प्रदर्शन. तिने माझ्याकडे एकच मागितलं होतं, "ओम्माला आण." ओम्माने तिचं एकही चित्र टांगलेलं पाहिलं नव्हतं. आणि आणलेली ओम्मा उंबऱ्यावर पाठ फिरवून उभी होती.

नूना आतून लगबगीने आली. तिने ओम्माकडे पाहिलं, मग भिंतीकडे, आणि तिचा चेहराच उतरला.

"मला कसं सुचलं नाही?" ती म्हणाली. "ही अक्षरं मी कॉम्प्युटरवर चारदा पाहिली. इंग्रजीत ते नाव मला माझं वाटतच नाही गं."

"तू बघ तुझं प्रदर्शन. मी गाडीत बसते," ओम्मा म्हणाली. "त्या नावाखालून मी जाणार नाही. दोन लेकरं पुरली आहेत मी. तिसऱ्याची पाटी बघायची नाही मला."

ती दोन लेकरं आमच्या आधीची. त्यांचा विषय घरात निघत नसे.

नूनाने कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि पहिल्या अक्षराला नख लावलं. प्रदर्शन मांडणारी रोझलिन धावत आली.

"काय करतेस? अर्ध्या तासात लोक येतील. नाव भिंतीवर लागायला चाळीस वर्षं थांबलीस ना तू?"

"थांबले ना. आणि आई चाळीस वर्षांत पहिल्यांदा आलीय."

अक्षरं नुसती चिकटवलेली होती, पण निघता निघेनात. नूनाचं नख तुटलं. मागून ओम्माचा आवाज आला.

"ओढू नकोस, भिंतीचा रंग येईल. कडेकडून आत."

मग तिला राहवेना. काठी माझ्या हातात कोंबून ती आली आणि खालची बारीक ओळ तिने स्वतः अंगठ्याने सोलली. शेवटी भिंत कोरी झाली. नूना त्या कोऱ्या भिंतीकडे क्षणभर बघत राहिली. मला फार वाईट वाटलं.

"चल," ओम्मा म्हणाली आणि आत शिरली.

पहिल्याच मोठ्या चित्रापुढे ती वाकली. नूना रंगाचा पातळ थर देते आणि फडक्याने पुसते. पुन्हा देते, पुन्हा पुसते. एकेका चित्राला चाळीस-चाळीस थर. ओम्माने नाक कापडाला लागेल इतक्या जवळून पाहिलं.

"हे कडेकडून आत पुसलंयस."

"हो."

"कुणी शिकवलं?"

"तूच. दुकानात. डाग मधून घासला की भोवती कडं उमटतं म्हणायचीस."

ओम्माने चित्राच्या चारही कडा नजरेने तपासल्या. मग म्हणाली, "कडं उमटलेलं नाही."

आमच्या घरात याहून मोठं कौतुक कुणाच्या वाट्याला आलेलं नाही. नूना तोंड फिरवून रडली.

त्या दिवशी लोक येत होते आणि ही चित्रं कुणाची म्हणून विचारत होते. बाकावर बसलेली ओम्मा आपल्या मोडक्या इंग्रजीत प्रत्येकाला सांगत होती, "माझी मुलगी. इन-सुक. इन-सुक पियॉन." नाव सांगायचं भिंतीचं काम तिने एकटीने केलं. निघताना रोझलिनने अभिप्रायाची वही पुढे केली, तेव्हा ओम्माने 'मिसेस पियॉन' लिहिलं.

"तुझं नाव लिही ना," नूना म्हणाली.

"असलं नाव कुणी लिहितं का?"

तिचं नाव कुत-सुन. कुत म्हणजे शेवट. तिच्या आईला चौथी मुलगी झाली तेव्हा आता मुली पुरे म्हणून ठेवलेलं. दुकानाच्या पाटीवर, परवान्यावर, कुठेच ते नव्हतं.

पुढच्या वसंतात ओम्मा गेली. एकोणपन्नासाव्या दिवसाचा विधी उरकून मी नूनाच्या गॅरेजवर गेलो. एक नवं चित्र जमिनीवर आडवं होतं, अजून पांढरंच.

"ओम्माचं नाव आपल्या लिपीत तसंच लिहितात ना रे, तीच दोन अक्षरं?" तिने विचारलं. मी हो म्हटलं.

तिने ब्रश लाल रंगात बुडवला आणि चित्राच्या मधोमध, मोठ्या अक्षरांत लिहिलं, कुत-सुन.

"आता चालतं," ती म्हणाली.

सवयीने तिने फडकं उचललं. मग ते तसंच हातात धरून ती माझ्याशेजारी बसून राहिली. तो थर तिने पुसला नाही.