सरजाबाईची घागर

नरसिंगनं आमच्या घरी बसून तीन भाकरी खाल्ल्या, हे मी आधी सांगते. कोरड्यास दोनदा वाढून घेतलं. मग वही काढली आन् माझ्या मायला म्हणला, सरजामाय, शाळेचा इतिहास लिहायलोय, दुष्काळात पाणी कसं आणलंस ते सगळं सांग. माय बिचारी सांगत बसली. मी अहमदपूरच्या दवाखान्यात नर्स, त्या दिवशी सुट्टीवर घरीच होते. मला वाटलं, आपला माणूस हाय, नीट लिहील. आपला माणूस! आग लागो माझ्या अकलेला.

आमचं गाव अहमदपूरच्या पुढं, जळकोटच्या वाटंला. गावच्या आडाला आमच्या लोकांनी हात लावायचा न्हाई, अशी तिथली रीत. म्हणून धम्म घेतल्यावर आमच्या वस्तीनं आपली विहीर आपणच खणली. बहात्तरच्या दुष्काळात गावचा आड आटला, शाळेची विहीर आटली, व्यंकटी पाटलाच्या मळ्यातल्या विहिरीचाही तळ दिसला. पाणी राहिलं ते आमच्या विहिरीला. तेव्हा लिंबाजी गुरुजी हायस्कुलाचे हेडमास्तर होते. प्यायला पाणी न्हाई तर लेकरं कशी बसवू, शाळा बंद करतो, असं म्हणायला लागले. मी दहावीत होते, तेव्हा मॅट्रिक अकरावीला, म्हणजे पुढल्या साली. शाळा बंद पडली असती तर मायच्या शेजारी बसून खडी फोडली असती, दुसरं काय?

माय दिवसभर दुष्काळी कामावर जायची. तरी रोज सकाळी पितळी घागर डोक्यावर घेऊन शाळेत यायची आन् दोन खेपा करून रांजण भरायची. तीन दिवस त्या रांजणाला वस्तीतल्या आम्हा पोरांशिवाय कुणी शिवलं न्हाई. गावातल्या लेकरांना घरून ताकीदच होती. चौथ्या दिवशी कवायतीत नरसिंग चक्कर येऊन पडला. पाटलाचा पुतण्या तो, माझ्याच वर्गातला. मायनं घागर वाकडी केली, त्यानं ओंजळ धरली आन् घटाघटा प्याला. घरी चुलत्यानं त्याला छडीनं फोडून काढलं. दुसऱ्या दिवशी आला आन् सगळ्यांच्या देखत पुन्हा प्याला. मग सगळीच लेकरं प्याली. तेव्हापासून तो माझ्या मायला सरजामाय म्हणायचा. खोटं कशाला बोलू, मला त्याचा लई अभिमान होता.

लिंबाजी गुरुजींनी त्याची रीतच घालून दिली. जूनमध्ये शाळा उघडली की पहिली घागर आमच्या विहिरीची. ती सरजाबाईनं रांजणात ओतायची, पहिला घोट हेडमास्तरांनी घ्यायचा, मग सगळ्या शाळेनं. गुरुजी रिटायर झाले तरी ती रीत कुणी मोडली न्हाई. आदल्या दिवशी माय घागर चिंचेनं घासून लख्ख करायची. गळ्यावर ठिपक्याठिपक्यांनी तिचं नाव ठोकलेलं होतं, माझ्या बापानं कंधारच्या बाजारातून ठोकून आणलेलं. मायला अक्षर येत न्हाई. पण त्या ठिपक्यांवरून बोट फिरवायची आन् म्हणायची, हे बघ माझं नाव.

ब्याऐंशीला लातूर जिल्हा झाला. कागदासाठी उस्मानाबादेला जाऊन दिवस मोडायचं सरलं म्हणून गाव खूश होतं. नरसिंग तोवर त्याच शाळेत मास्तर झालेला. जूनमध्ये त्यानं निरोप धाडला, यंदा घागर थांबवा, नव्या जिल्ह्याचे साहेब ऑगस्टात येणार हायत, त्यांच्यासमोर थाटात करू. मग इतिहास लिहायला आला, भाकरी खाल्ली आन् जाताना घागर मागून घेतली. साहेबांना दाखवायला मांडून ठेवायची म्हणला. मायनं स्वतःच्या हातानं घासून दिली.

कार्यक्रमाच्या दिवशी माय पांढरं लुगडं नेसली. आम्हाला मागच्या रांगेत बसवलं. मी म्हणलं, असू दे, नाव पुकारतील तेव्हा जाऊ पुढं. नरसिंग उभा राहिला आन् वहीतून वाचायला लागला. दुष्काळात श्रीमान व्यंकटराव पाटलांनी आपल्या विहिरीचं पाणी शाळेला दिलं, त्यांच्या घरून रोज घागर येत होती, असं त्यानं वाचलं. मायनं सांगितलेलं सगळं त्यात होतं. दोन खेपा होत्या, कुणी न शिवलेला रांजण होता, कवायतीत पडलेलं लेकरू होतं. आम्ही तेवढे नव्हतो. वाचताना त्यानं मागच्या रांगेकडं एकदाही बघितलं न्हाई. मग पाटलानं रांजणात पाणी ओतलं, साहेबांनी घोट घेतला, टाळ्या पडल्या. मी तरातरा उठले, तर मायनं हात धरून खाली बसवलं. लेकरांचा कार्यक्रम हाय, होऊ दे, म्हणली.

माणसं पांगल्यावर मी त्याला व्हरांड्यात गाठलं. तो खाली बघून बोलायला लागला. चुलते कॉलेजसाठी दोन एकर द्यायलेत, साहेबांसमोर त्यांचं नाव आलं तरच देतो म्हणले. कॉलेज झालं तर तुमचीही लेकरं शिकतील. तुमचीही, म्हणला. दहा वर्षांत पहिल्यांदा त्याच्या तोंडून हा शब्द ऐकला. अंगाची नुसती लाही झाली.

"नरसिंग," मी म्हणाले, "तेव्हा छडी खाऊन प्यालास तू. आज कुणी मारलं होतं तुला?"

त्यानं वही मिटून काखेत धरली.

माय तोवर टेबलापाशी गेली होती. घागर तिथं हार घालून ठेवलेली. तिनं हार बाजूला केला आन् गळ्यावरून बोट फिरवलं. एकदा सगळा गळा फिरून आली. थांबली, मग उलट्या बाजूनं फिरवलं. ठिपके होते, पण तिच्या ओळखीचे नव्हते. घागर उचलून आमच्याकडं आली आन् माझ्यासमोर धरली.

"पंचशीला, काय लिहिलंय बघ."

मला दिसत होतं. जुन्या जागी कानस मारली होती, आन् त्याच्यावर नव्यानं ठोकलं होतं, व्यंकटराव पाटील यांजकडून शाळेस भेट. मी म्हणाले, जाऊ दे माय, चल घरी.

"वाच," माय म्हणाली. "तुला वाचता यावं म्हणूनच तर पाणी वाहिलं म्या."

नरसिंग दोन हातांच्या अंतरावर उभा होता. मी ते मोठ्यानं वाचलं, एकेक अक्षर.