मी ताणली गेले होते

मित्रांनो, बटणांनो, रिळांनो, मी सांगते त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. कुणाचाच बसत नाही. मी एक जुनी टेप आहे, शिंप्याची, कापडी, पिवळी. आता बंद दुकानाच्या या खणात तुमच्याबरोबर पडले आहे. पण एकेकाळी मी सर्कशीतल्या हत्तीच्या पोटाचं माप एका वेढ्यात घेतलं आहे. वर गाठ मारण्याइतकी उरलेही होते.

बरं, हत्ती राहू द्या.

कारखान्यात माझ्या अंगावर काळ्या शाईने साठ इंच छापले, दोन्ही टोकांना पितळी पत्रे ठोकले, आणि मास्तरांनी मला गळ्यात घातलं. तीस वर्षं उतरले नाही. लोक म्हणत, "मास्तर, तुमच्या कपड्यात खोट काढायची सोय नाही बुवा!" मास्तर माझ्यावरून बोट फिरवत. मी फुगत असे.

खरं तर मी लांबत होते. रोजची ओढाताण, मानेचा घाम. साठ इंचांत दीड इंच कधी वाढला, कळलंच नाही. कुणाला पत्ताही लागला नाही, कारण अंगाचं माप माझ्यानेच घ्यायचं आणि कापडही माझ्यानेच बेतायचं. जितकी चूक इकडे, तितकीच तिकडे. फिटंफाट.

मग मास्तरांची मुलगी कापायला बसू लागली. हात नेमका, डोळा त्याहून नेमका. तिने स्वतःसाठी नवी टेप आणली. मास्तर गिऱ्हाइकाला माझा वेढा घालून ओरडत, "छाती एकोणचाळीस!" ती नव्या टेपेने एकोणचाळिसाचं बेते. गिऱ्हाइकाची छाती मात्र चाळीस भरलेली.

पोस्टमन कोट चढवून उभा राहिला तो लालबुंद. "मास्तर, कोट घालायचा की श्वास घ्यायचा, एक काय ते सांगा!"

ते हसण्यावारी गेलं. पण पुढचे चार कपडेही उसवावे लागले, तेव्हा मास्तर मुलीवर घसरले. "तुझ्या हाताला मापच नाही. सोड हे काम!"

"बाबा, दोन्ही टेपा एकदा शेजारी ठेवून बघू या ना."

"तुझ्या जन्माआधीपासून माझ्या गळ्यात आहे ती! तिला तपासतेस?"

मला आधी बरं वाटलं, मग चर्र झालं. रोज ठरवायचे, उद्यापासून अंग आखडून घेईन. घट्ट गुंडाळी करून पडायचे. पण मी ताणली गेले आहे, हे काही स्वतःशीसुद्धा म्हणवेना. ते म्हटल्याशिवाय आखडणार तरी किती आणि कुठून?

एका दुपारी मुलीने ही आपली कात्री टेबलावर ठेवली. "माझाच हात वाईट असेल," म्हणाली आणि चपला घालू लागली.

तेव्हा, मित्रांनो, मी मास्तरांच्या गळ्यातून जी उडी मारली, ती थेट नव्या टेपेच्या शेजारी! बघा म्हटलं, दीड इंच जास्त आहे मी! मास्तरांचे डोळे भरून आले. मुलगी उंबऱ्यातून परत फिरली. म्हणून सांगते, बाळांनो, आपण जसे आहोत तसे आधी स्वतःला कबूल करा, मग...

"खोटं!" कात्री म्हणाली. "मी टेबलावरच होते. तू गळ्यातून हललीसुद्धा नाहीस. पोरगी दारात उभी राहून तुझ्याकडेच बघत होती. दीड इंच आज सांगतेस होय गं? ऐकायला ती आहे का इथे?"