पायांसकट फोटो

सेफाकोरचे पत्र आठ महिने माझ्या जाड शब्दकोशात दडवून ठेवलेले होते. कोणापासून दडवले होते, ते मला सांगता येणार नाही. घरात आम्ही दोघेच, मी आणि माझी थोरली बहीण, आणि दाव्हीला वाचता येत नाही. थोरल्या बहिणीला आमच्याकडे दाव्ही म्हणतात. मीही सत्तर वर्षांत तिला दुसऱ्या नावाने हाक मारलेली नाही.

पत्र असे होते: "मास्तर, माझ्या लेन्सला आतून बुरशी धरली. आक्राच्या दुकानदाराने दोन लेन्स माझ्यासाठी बाजूला ठेवल्या आहेत, एक पस्तीसची, जवळूनही जास्त मावणारी, एक पन्नासची. तिसरी पुढेमागे सरकणारी आहे, पण आपल्या वाळूत ती वर्षभर टिकायची नाही. मला एकच घेता येईल आणि तीच रोज गळ्यात राहील. तुम्ही सगळी पुस्तके वाचली आहेत. कोणती घेऊ?"

सेफाकोर माझी जुनी विद्यार्थिनी. मी इथे समुद्रकाठी, केटाच्या शाळेत ग्रंथपाल होतो आणि शाळेचा फोटोग्राफीचा वर्ग माझ्याकडे होता, कारण त्या विषयावरची पुस्तके माझ्याकडे होती. कॅमेरा शाळेचा होता. मी स्वतः आयुष्यात चार-पाच रोल काढले असतील. ती मात्र खाडीच्या काठाने गावोगाव चालत फोटो काढते. आज बारसे, उद्या लग्न, परवा कांद्याच्या वाफ्यात उभे राहिलेले नवरा-बायको. कोणत्या दिवशी ती कोणत्या गावात असेल ते तिलाही ठाऊक नसते. तिचा पत्ता म्हणजे आन्लोगाची टपालपेटी. बाजाराच्या दिवशी ती तिथे येऊन पेटी उघडते.

मी उत्तराचे सात कच्चे खर्डे केले. पुस्तके सांगत होती, पन्नास. पन्नासची लेन्स डोळ्याला दिसते तसे दाखवते, असे मीच वर्गात फळ्यावर लिहिले होते. पण आमच्या घरांच्या बोळी, आमच्या खोल्या मला दिसत होत्या, आणि आत कुठेतरी पस्तीस म्हणावेसे वाटत होते. हे कोणत्याच पुस्तकात लिहिलेले नव्हते. नुसत्या माझ्या वाटण्यावर तिने लेन्स घ्यायची? मी आठवा खर्डा केलाच नाही.

गेल्या महिन्यात दाव्हीने फोटो काढायचा म्हणून हट्ट धरला.

"माझ्या मरणाचा कागद भिंतींवर लावाल, त्यावर छापायला फोटो हवा," ती म्हणाली. "आणि कोमला, पायांसकट. नव्या पांढऱ्या वहाणा घालून."

कोमला म्हणजे मी. दाव्हीने चाळीस वर्षे डोक्यावर खारवलेल्या मासळीची टोपली घेऊन केटा ते देनू पायी वाऱ्या केल्या. माझी शाळा त्या पायांवर झाली. आता खुब्याचे हाड मोडल्यापासून ती खाटेवर आहे, आणि डॉक्टर तिच्या छातीला नळी लावून ऐकतात तेव्हा माझ्याकडे बघत नाहीत.

"मागच्या वर्षी शेजारची अफी गेली, तिच्या कागदावरच्या फोटोत गुडघ्याच्या खाली काहीच नव्हतं," ती म्हणाली. "पुतळाच जणू, खाली चौथरा लावायचा राहिलेला. मला तसं पाठवू नकोस."

मी सेफाकोरला निरोप पाठवला. निरोप पाठवताना मला धडकीच भरली होती, पण ती पत्राचे काही बोलली नाही. गळ्यात कॅमेरा, डोक्यावर पिशवी, आत आली आणि खाटेशी वाकली.

"काय आजी, नवरीसारख्या सजलात!"

"नवरी नाही गं पोरी, प्रवासी. बघ, वहाणासुद्धा आहेत."

मी लेन्सच्या कडेवरचा आकडा वाचला. पन्नास.

आमच्या घराचा पुढचा भाग समुद्राने नेला. उरली ती मागची एक खोली, खाटेच्या लांबीपेक्षाही अरुंद, त्यामुळे खाट भिंतीला लावलेली आणि ती फिरवता येत नाही. दाव्हीला खाटेच्या कडेवर उशांना टेकवून बसवले. वहाणा घातलेले पाय जमिनीवर टेकवले. सेफाकोरने समोरच्या भिंतीला पाठ लावली, डोळा कॅमेऱ्याला लावला, मग डोके मागे दाबले. केसांना भिंतीचा चुना लागला.

"मास्तर, ही पेटी बाहेर काढता का?"

मी पेटी बाहेर काढली. घडवंची काढली. देवाची तसबीर काढली, तिचा काही संबंध नव्हता तरी.

"डोकं येतंय तर पाय जातायत," ती हळूच म्हणाली. "एक वीत कमी पडतेय."

"पाय स्टुलावर ठेवले तर?" मी विचारले. आम्ही ते करून पाहिले. दाव्हीच्या तोंडून जो आवाज आला, त्यानंतर स्टूल कोणी पुन्हा उचलले नाही.

"मी दारातून काढते," सेफाकोर म्हणाली. दार खाटेच्या पायथ्याशी आहे. तिथून पाय आले, सगळेच आले, पण बाजूने.

"एक डोळा, एक कान?" दाव्ही म्हणाली. "मला काय कोंबडी समजलीस?"

"मग दोन फोटो काढते, आजी. वरचा आणि खालचा. छापणारा जोडून देईल."

"म्हणजे मला मधून कापणार. ऐकलंस का कोमला, तुझी विद्यार्थिनी मला मधून कापणार आहे."

ती हसत होती. मी म्हणालो, आपण चार माणसे बोलावू, खाट नाही तर नाही, तुला उचलून बाहेर वाळूवर नेऊ. तेव्हा तिचे हसू थांबले.

"या दारातून मला एकदाच उचलून नेतील," ती म्हणाली. "त्याची तालीम नको."

शेवटी घोट्यापर्यंतचा फोटो निघाला. वहाणांचा पट्टासुद्धा आला नाही.

मी सेफाकोरला बाहेर सोडायला गेलो. ती कॅमेऱ्यावरचा चुना पुसत होती.

"मास्तर, माझं पत्र पोचलं नव्हतं का?"

टपालाला दोष देता आला असता. "पोचलं," मी म्हणालो.

"मला वाटलं, इतकं साधं विचारलं म्हणून तुम्ही रागावलात. मग तुमचं फळ्यावरचं वाक्य आठवलं. डोळ्याला दिसतं तसं. म्हटलं, मास्तरांनी उत्तर आधीच देऊन ठेवलंय." तिने लेन्सवर झाकण बसवले. "पन्नासमध्ये चेहरे सुंदर येतात हो. लोक खूश असतात. पण खोलीत गेलं की हे असं होतं. दुकानदार एकदा बदलून देईन म्हणतोय. एकदाच. हा शनिवार सोडून पुढच्या शनिवारी मी आक्राला जाणार. आता सांगा, बदलू का?"

ती माझ्याकडे पाहत होती. एक आकडा म्हणायचा होता. माझ्या डोक्यात काय आले, तर पस्तीसच्या लेन्सने कडेच्या वस्तू ताणल्या जातात, पाय मोठे दिसतील, लोक हसतील, ती बदलून पस्तावेल.

"विचार करून लिहितो," मी म्हणालो.

तिने मान हलवली, पिशवी डोक्यावर घेतली. "लिहा हं," असे मात्र म्हणाली.

फोटो आठवड्याने एका वाटसरूच्या हाती आला. दाव्हीने तो खिडकीच्या उजेडात धरला, मग उलटा करून मागे पाहिले, जणू पाय तिकडे गेले असावेत.

"डोळे तरी दोन्ही आलेत," ती म्हणाली आणि तो उशीखाली ठेवला. त्यानंतर तिने आक्पले, आमचा मक्याच्या पिठाचा रोजचा गोळा, खाणे सोडले. पेजेवर आली. पण रोज सकाळी विचारायची, "ती पोर पुन्हा येणारे ना?" वहाणा तिने पायांत तशाच ठेवल्या होत्या, खाटेवर, पांघरुणाखाली.

बुधवारी मी तिला सगळे सांगितले. पत्राचे, खर्ड्यांचे, फळ्याचे. तिला लेन्स काय कळणार, असे मनात धरूनच सांगितले.

"म्हणजे दुसऱ्या काचेने पाय येतील?"

"येतील. पण मोठे दिसतील. बेढब."

"मोठेच आहेत," ती म्हणाली. "देनूपर्यंत जाऊन झालेत. दिसू देत मोठे." मग श्वास गोळा करायला ती बराच वेळ थांबली. "तू एवढी पुस्तकं वाचलीस कोमला, आणि मला एकदा विचारलं नाहीस."

मी तिथेच, खाटेच्या कडेवर वही ठेवून लिहिले: "सेफाकोर, कदाचित पस्तीस घे." मग 'कदाचित' खोडले. खाडाखोड झालेला कागद मी कधी कोणाला पाठवलेला नाही, दुसरा कागद घेण्यासाठी हात पुढे गेलाही होता. तो मागे घेतला. खाली लिहिले, "दाव्ही वाट पाहते आहे," आणि घडी घातली.

शेजारणीला दाव्हीजवळ बसवून मी टपालकचेरीत गेलो. टपालबाबू दोत्से खिडकीची फळी लावत होता.

"मास्तर, आजची गाडी गेली की. आता उद्या निघेल."

"आन्लोगाला शुक्रवारी मिळेल?"

"मिळेलही. बाजार शुक्रवारी आहे का?"

बाजार दर चौथ्या दिवशी भरतो, सेफाकोर पेटी तेव्हाच उघडते, आणि शनिवारी ती आक्राला जाणार. मी बोटांवर मोजू लागलो. मोजता मोजता चुकलो, पुन्हा मोजले, आणि दोन वेगळी उत्तरे आली.

"टाकायचंय की नाही?" दोत्सेने विचारले. "नाहीतर घरी न्या, नीट विचार करा, उद्या आणा."

मी पाकीट पेटीत टाकले.