पस्तीसची रेघ

मी काचेची एक नळी आहे, आणि मी संतापले आहे. माझ्या पोटात शिशाचे छर्रे आहेत, अंगावर आकड्यांच्या रेघा. द्रवात सोडलं की मी तरंगते आणि तो किती दाट आहे ते सांगते; जितका पातळ, तितकी मी खोल बुडते. कुणी पाणी मिसळलं की माझ्यापासून लपत नाही.

माझं कूळ फ्रान्सचं. दोनशे वर्षांपूर्वी आंत्वान बोमे नावाच्या औषधवाल्यानं या रेघा आखल्या. सरायवाल्याचा मुलगा तो. औषधं बनवत शिकला आणि रसायनशास्त्राचा प्राध्यापक झाला. त्यानं साध्या पाण्यात शून्य धरलं, मोजून मीठ घातलेल्या पाण्यात पंधरा, आणि मधलं अंतर सारखं वाटून दिलं. राज्यक्रांतीत त्याची सगळी कमाई बुडाली, तेव्हा म्हातारपणी तो पुन्हा धंद्याला लागला. ही गोष्ट सुगरा प्रत्येक नव्या नर्सला सांगायची.

सुगरा दापोलीची. कुवेतला मीना अल-अहमदी बंदराजवळच्या एका दवाखान्यात औषधं बनवायची. नव्वदच्या ऑगस्टमध्ये इराकी सैनिक आले. सलाईन, सूक्ष्मदर्शक, कपाटातली औषधं, सगळं ट्रकमध्ये गेलं. मला एकानं उलटसुलट पाहिलं आणि भिरकावलं. सुगरानं ओढणीत झेललं.

मग तिच्या स्वयंपाकघरात काम सुरू झालं. घरोघरी उरलेल्या गोळ्या कुटून ती मुलांसाठी खोकल्याचं औषध करायची. साखरेचा पाक थंड झाला की मी पस्तीसच्या रेघेवर थांबले पाहिजे. त्याहून पातळ पाक त्या उकाड्यात आंबतो.

साखर आणायचा तळमजल्यावरचा व्यापारी, अब्बास. बदल्यात निम्म्या बाटल्या न्यायचा.

"सुगराबाय, जरा पाणी घाल की. दुप्पट होईल."

"पाण्यानं औषध वाढत नाही, अब्बासभाय. आजार वाढतो."

तो हसला. बाटल्या घरी नेल्या आणि त्यात नळाचं पाणी ओतलं, न उकळलेलं.

वरच्या मजल्यावर सुमन नर्स राहायची. सुगराकडचं औषध संपलं होतं, म्हणून तिच्या नवऱ्यानं, शैलेशनं, अब्बासकडून बाटली आणली. त्यांच्या दोन वर्षांच्या प्रणयला जुलाब लागले. दवाखान्यात सलाईन नव्हतं. ते ट्रकमधून गेलं होतं. पोर सुकत गेलं, आणि गेलं.

सुगरानं तीच बाटली जिन्यात आणली. सगळ्यांसमोर उंच पेल्यात ओतली आणि मला आत सोडलं. मी बुडतच गेले. वीसची रेघसुद्धा खाली गेली.

"हे माझं औषध नाही. बोल अब्बास, काय घातलंस यात?"

"काचेच्या तुकड्यावरून माझा न्याय करणार?" त्यानं मला ओढून काढलं आणि कठड्यावर आपटलं.

अख्खी इमारत जिन्यात उभी होती. एकहीजण बोलला नाही. पिठाच्या गोण्या अब्बासकडे होत्या ना!

सुमन एवढंच म्हणाली, "उद्या पीठ आणायला जाल, तेव्हा माझ्याकडे बघून जा."

तिच्याकडे बघायचं धाडस कुणाला झालं नाही. पीठ मात्र सगळ्यांनी आणलं.

आता एक्क्याण्णव. कुवेत मोकळं झालं. तेलविहिरी जळतायत, भरदुपारी दिवे लावावे लागतात. सुमन आणि शैलेश कायमचे गावी निघून गेले. अब्बासचं दुकान पुन्हा उघडलंय, आणि दारात तेच शेजारी पिशव्या घेऊन उभे आहेत, ईद मुबारक म्हणत.

मी फुटकी, सुगराच्या खणात कापसावर पडून आहे. माझी कीव करू नका. मी माझं काम केलं. जे होतं ते दाखवलं. सैनिकांना मी शत्रू म्हणून ओळखते. पण जिन्यातल्या लोकांनो, तुम्हाला काय म्हणू? मी फक्त बुडू शकत होते. बोलायला तोंड तुम्हाला होतं.