गॅलरीतली घोंगडी

भामाबाई सकाळच्या सिल्लोड गाडीनं उतरली ती डोक्यावर घोंगडीची वळकटी घेऊनच. बजाजनगरातल्या त्या इमारतीच्या पायऱ्या चढता चढता तिला धाप लागली, पण उंबऱ्यात पाय पडताच तिनं हाक मारली, "कुठंय माही नवरी?"

ज्ञानेश्वरी पुढं झाली, आत्याच्या पाया पडली. वळकटी हातात घेतली तसा लोकरीचा वास आला. मेंढरांचा, चुलीच्या धुराचा, रानातल्या दवाचा. तिनं नकळत श्वास रोखला.

"औंदाच्या लोकरीची हाय," आत्या म्हणाली. "लग्नाची पहिली गोष्ट हिच्यावरच बसून बोलायची. तुह्या मायची बी अशीच बोलली होती."

ज्ञानेश्वरीच्या वडलांच्या, सोनाजीच्या घराण्याची ती रीतच होती. आधी घोंगडी अंथरायची, तिच्यावर भंडारा उधळायचा, आत्यानं ओवी म्हणायची, आणि मग तारखेचा शब्द काढायचा. सोनाजीनं मेंढरं भावाच्या हवाली करून वाळूजच्या कंपनीत गेटवर नोकरी धरली, तरी रीत काही सुटली नव्हती.

"जरा ऊन दाखवते हिला," म्हणत ज्ञानेश्वरीनं घोंगडी गॅलरीत नेली. वाळत घातलेल्या चादरीमागं ठेवली आणि दार ओढून घेतलं.

अकराच्या सुमाराला पाहुणे आले. नवरदेव शिवराज, त्याची आई चतुराबाई आणि वडील कारभारी. समाज एकच, पण त्यांच्या घरातून मेंढरं जाऊन दोन पिढ्या लोटल्या होत्या. ज्ञानेश्वरीनं त्यांना सांगून ठेवलं होतं, गावाकडं आमची शेती असते. मेंढरांचा शब्द तिच्या ओठावर कधी आलाच नव्हता.

पाहुणे सोफ्यावर बसले. आत्या भिंतीला टेकून खाली बसली, आणि तिची नजर घरभर घोंगडी शोधत राहिली. मंजुळाबाईनं, ज्ञानेश्वरीच्या आईनं, पोह्यांच्या ताटल्या फिरवल्या.

"तं मग मार्गशीर्षात धरायचं?" कारभारींनी विचारलं.

सोनाजीनं टोपी सारखी केली. "मार्गशीर्षात आमचा भाऊ रामहरी गंगंच्या काठी असतो हो. समदं गणगोत तिकडंच. वैशाखात मेंढरं गावाजवळ येतात, तव्हा जमलं असतं..."

"बाबा, लग्नाच्या लॉनची तीच एक तारीख खाली आहे," ज्ञानेश्वरी घाईनं म्हणाली. "बाकी सगळ्या गेल्या."

"मेंढरं?" चतुराबाईंनी भुवया उंचावल्या. "शेती म्हणली होतीस ना गं?"

तेवढ्यात शिवराजचा फोन वाजला. लॉनवाला बद्रीनाथ होता. खोल्यांचं विचारायला शिवराजनं सकाळी त्याला फोन केला होता. शिवराजनं फोन स्पीकरवर टाकला.

"साहेब, खोल्या भेटतील," बद्रीनाथ म्हणाला. "अन् ताईला सांगा, वैशाखातली तारीख अजून खालीच हाय. त्याच नको म्हणल्या होत्या. म्हणल्या, तव्हा गावाकडचे लई लोक येतेत, मार्गशीर्षातलीच द्या."

सोनाजी लेकीकडं बघत नव्हता. तो आपल्या हाताच्या तळव्याकडं बघत होता, जणू तिथं काही सांडलं होतं. ज्ञानेश्वरीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. फरशीनं पोटात घ्यावं असं तिला झालं.

"आगं बया!" आत्या एकदम हसली. "माहंच काम हाय ते. मीच म्हणलं पोरीला, वैशाखाचं ऊन मला सोसत नाय. तिच्यावर काहून आळ?"

चतुराबाईंनी पोह्यांत चमचा फिरवला. आत्या गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि स्वयंपाकघरात गेली. ज्ञानेश्वरी मागोमाग.

"आत्या, तू काहून खोटं बोललीस?"

आत्यानं माठातलं पाणी घेतलं, घोट घोट प्यायली. जन्मभर वैशाखाचं ऊन अंगावर घेतलेली बाई ती. ज्ञानेश्वरीच्या बारशाला हिनंच कानात नाव सांगितलं होतं. कळपाच्या मधोमध, कोकरांच्या ओरडण्यात, मोठ्यानं, लेकीला ऐकू जावं म्हणून.

"लोकांपुढं लेकीचं तोंड उतरलेलं मला बघवत नाय," आत्या म्हणाली. मग पदरानं तोंड पुसून, हळूच, "मार्गशीर्षातच धरा माय. आमचं काय, आम्ही तिकडूनच अक्षता टाकू. तेवढी घोंगडी दे, जाताना नेते. इथं तिचा वास येतो, नाय का?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. रागावली असती तर बरं झालं असतं.

ज्ञानेश्वरी गॅलरीत गेली. ऊन सरकलं होतं, घोंगडी सावलीत पडली होती. तिनं ती उराशी धरली आणि श्वास न रोखता बैठकीत आली. सोफ्यापुढच्या फरशीवर अंथरली. एक कोपरा दुमडलेलाच राहिला.

"आत्या काही म्हणली नव्हती," ती म्हणाली. नजर लोकरीवरच. "मीच वैशाख नको म्हणले. आमची माणसं... मेंढरांमागची... तुमच्यापुढं नको वाटली मला."

मंजुळाबाईनं दाराची चौकट धरली होती. शेवटी चतुराबाई सोफ्यावरून खाली उतरल्या आणि दुमडलेला कोपरा सरळ करून त्यावर बसल्या.

"खोटं बोलायला बी आक्कल लागती बाई. लॉनवाल्याला तरी सांगून ठिवायचं," त्या म्हणाल्या. मग नवऱ्याकडं वळल्या, "वैशाख धरा. कूलर जास्तीचे सांगा."

सोनाजीनं खिशातली भंडाऱ्याची पुडी बहिणीपुढं केली, पण लेकीकडं अजूनही पाहिलं नाही. आत्या दारात उभी होती. आली, बसली, घोंगडीवर पिवळी चिमूट उधळली आणि घसा साफ केला.

*धुरळ्यामागं धुरळा गं, गंगंच्या काठाकाठी*
*भाचीच्या हळदीला, आली आत्या पाठोपाठी*

ओवीत पुढं एकेका माणसाचं नाव येत गेलं. रामहरी, त्याची बायको, चुलत्यांची लेकरं. ज्यांना तिनं मांडवाबाहेर ठेवलं होतं, ते सगळे नावानिशी आत येत होते. घोंगडीची लोकर पायांना टोचत होती. ज्ञानेश्वरी तशीच बसून राहिली, मान खाली घालून, आणि शेवटचं नाव आलं तरी तिला मान वर करवेना.