महागड्या हेडफोनचा निकाल

वॉटफर्डच्या त्या घरात आठवडाभर एकच खटला चालू होता, आणि त्यात तनिषाला कुणी न विचारताच न्यायाधीश नेमलं होतं. वादी आयझॅक काका. त्यांचं म्हणणं असं, की शेतात मेटल डिटेक्टर फिरवताना जमिनीच्या पोटातली बारीक हाक ऐकू यायची असेल, तर डिटेक्टरच्या निम्म्या किमतीचे हेडफोन घेण्यावाचून इलाज नाही. प्रतिवादी जेमिमा काकू. त्यांचं म्हणणं असं, की या माणसाने आजवर गंजके खिळे, काडतुसांची बुडं आणि कुणा मेलेल्या गोऱ्याच्या कोटाची बटणं यापलीकडे घरात काही आणलेलं नाही, आणि खिळे ऐकायला कानांचे एवढे लाड लागत नाहीत.

तनिषा त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहत होती. ध्वनिशास्त्रात मास्टर्स करून ती इमारतींमधला गोंगाट मोजणाऱ्या एका कंपनीत लागली होती. खोलीची चौकशी करायला तिने इंग्रजीत फोन केला, तेव्हा पलीकडून कुणीतरी आत वळून "अहो, गॅस बारीक करा" असं म्हणालं, आणि तिने खोली न बघताच होकार दिला. मुंबईतल्या बेने इस्रायली ज्यूंपैकी हे जोडपं. तरुणपणी इंग्लंडला आलं ते इथलंच झालं. मुलगा, सून आणि नात याएल यांच्याशी दोघं इंग्रजीत बोलत, पण भांडायला मराठीच लागे.

"तू सायन्सवाली," काका म्हणाले. "तूच सांग हिला. स्वस्त आणि महाग हेडफोनमध्ये फरक असतो की नाही?"

"मोजल्याशिवाय कसं सांगू?"

"बघा," काकू म्हणाल्या. "भाडं वाढेल म्हणून कुणालाच दुखवत नाहीये."

काकांच्या डिटेक्टरवाल्यांच्या क्लबातल्या लेव्हीने स्वतःचे नवे हेडफोन त्यांना काही दिवस वापरायला दिले होते. तेव्हा मोजायची सोय होती. गुरुवारी तनिषा ऑफिसातून लवकर आली. काकांना स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून बसवलं, आणि मागच्या बागेत काही जागी दोन पेन्सची नाणी पुरली, काही जागी नुसतीच माती उकरून परत दाबली. कुठे काय आहे हे फक्त तिला ठाऊक. मग काकांनी एकदा जुने आणि एकदा नवे हेडफोन लावून बाग पिंजून काढायची.

हेडफोन चढवण्याआधी काकांनी सवयीप्रमाणे डाव्या कानातलं ऐकायचं मशीन काढून शर्टाच्या खिशात टाकलं. हेडफोनखाली ते कुईऽऽ करून शिट्टी मारायचं. मशीन काढलं की बॅटरीचं झाकण उघडून ते बंद करायचं असतं. हे काकू रोज सांगत, आणि काका रोज विसरत.

"खिशात पाखरू पाळलंय यांनी," काकू खिडकीतून म्हणाल्या. "बॅटऱ्या दाण्यासारख्या खातं."

"चांगलं जपा हो," तनिषा म्हणाली. "पुढच्या शनिवारी लागणार आहे."

पुढच्या शनिवारी याएलची बात मित्झ्वा होती, म्हणजे ज्यू मुलगी धर्माच्या दृष्टीने वयात येते तो सोहळा. सिनेगॉगमध्ये सगळ्यांसमोर उभं राहून ती धर्मग्रंथातला तिचा भाग म्हणणार होती, आणि तोही काकांच्या वडिलांच्या चालीत. मुंबईच्या उमरखाडीत ऐकलेली ती चाल इथे काकांशिवाय कुणालाच येत नव्हती. हिवाळाभर त्यांनी ती फोनवरून याएलला शिकवली होती. पण याएलचा आवाज शिवणाच्या दोऱ्यासारखा बारीक. मशीन नसलं की काकांना नुसते तिचे ओठ हललेले दिसत. मागे एकदा मशीन बिघडलं, तर हॉस्पिटलकडून दुसरं मिळेपर्यंत पार थंडी सरली होती.

चाचणीचा निकाल विचित्र लागला. काकांना काहीच सापडेना. जुन्या हेडफोनमध्ये नाही, नव्या हेडफोनमध्येही नाही. नाण्यांवरून डिटेक्टर सरळ पुढे जात होता, जणू तिथे माती सोडून काही नाहीच.

"काय निकाल?" काकूंनी विचारलं.

"दोन्ही बहिरे," काका खिन्नपणे म्हणाले. "किंवा मी."

तनिषाने एक नाणं उकरलं, पुसलं आणि बराच वेळ निरखलं. मग ती आत गेली आणि ते फ्रिजवरच्या लोहचुंबकाजवळ नेलं. नाणं टप्पकन चिकटलं. तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. हल्लीच्या दोन पेन्सला नुसता तांब्याचा मुलामा असतो, आत पोलाद. आणि काकांचा डिटेक्टर लोखंडाकडे दुर्लक्ष करायला लावलेला होता, नाहीतर खिळे खणण्यात जन्म जायचा. यंत्र बरोबर होतं, कानही बरोबर होते. चुकली होती ती परीक्षा घेणारी.

"बाहेरून तांबं, आतून लोखंड," काका खूश होऊन म्हणाले. "आमचा एक मॅनेजर होता असाच."

काकांनी मग आपल्या डब्यातली जुनी, खऱ्या कांस्याची पेनीची नाणी काढून दिली. दुसऱ्या फेरीत त्यांना सगळी सापडली, दोन्ही हेडफोनमध्ये सारखीच.

"म्हणजे मी जिंकले," काकू म्हणाल्या.

"बागेत जिंकलात," तनिषा म्हणाली. "पण बागेत वारा नाही. शेतात बघायला हवं."

"पुढची तारीख पडली म्हणायची," म्हणून काकू पोळ्यांकडे वळल्या.

रविवारी काका तिला शेतावर घेऊन गेले. वॉटफर्डच्या उत्तरेला, मोटरवेपासून हाकेच्या अंतरावर. गव्हाची कापणी झालेली, नुसते खुंट उभे. शेतकऱ्याने परवानगी दिली होती ती नांगरणीपर्यंत, आणि नांगर मंगळवारी लागणार होता. वारा असा सुटला होता की बोलणं तोंडातून निघून दुसऱ्याच्या शेतात जात होतं.

तनिषाने दोन्ही हेडफोन आळीपाळीने स्वतः लावून पाहिले. जुन्यात वारा कडेने शिरायचा, आणि खोलवरच्या वस्तूचा सूर, जो मुळात उसाशाएवढाच असतो, त्यात विरघळून जायचा. नवे चढवले, की कुणीतरी बाहेरून दार लोटून घ्यावं तसं जग बंद. आत फक्त जमीन. तिने एक जागा दाखवली. जुन्यात तिथे काहीच नव्हतं, नव्यात अगदी पुसट काहीतरी होतं. काकांनी खणलं, तर वीतभर खाली दोनेकशे वर्षांपूर्वीचं, जॉर्जियन काळातलं पितळी बटण.

"वाऱ्यात फरक खरा आहे," तिने कबूल केलं.

"हे लिहून दे मला," काका म्हणाले. "सही करून दे."

दुपारनंतर ते चहाला थांबले. काकांनी हेडफोन गळ्यात उतरवले आणि खिशात हात घातला. रुमाल निघाला. मग दुसऱ्या खिशात हात गेला. मग पुन्हा पहिल्यात. तनिषाने चहाचा पेला खाली ठेवला, कारण काकांच्या चेहऱ्यावरचं बटणाचं तेज पार उतरलं होतं.

"मशीन," ते म्हणाले.

कोट, पँट, पिशवी, गाडीची सीट, सगळं झालं. मशीन नव्हतं. मग काका खुंटांवरच बसले.

"इतकं शिकवलंय तिला," ते म्हणाले. "आणि मी पहिल्या रांगेत बसून नुसते तिचे ओठ बघणार."

काकांनी टोपी डोक्यावर नीट बसवून आभाळाकडे पाहिलं. "एलियाहू हन्नाबी, मशीन सापडू दे. मलिदा करीन." एलियाहू प्रेषिताला बेने इस्रायली बोलतात तो नवस हाच. गोड पोहे आणि फळांचं ताट मांडायचं, माणसं जमवायची, आणि एलियाहूची गाणी म्हणून तो फेडायचा. नजर खाली आणत काकांनी पुढे जोडलं, "आणि जेमिमाला यातलं काही सांगू नकोस."

"शोधायचं यंत्र तर हातातच आहे," तनिषा म्हणाली. गाडीत मशीनच्या बॅटऱ्यांचं पाकीट होतं. तिने शर्टाच्या बटणाएवढी एक बॅटरी जमिनीवर ठेवली आणि वरून डिटेक्टर फिरवला. चकार शब्द नाही. ती स्वतःशीच हसली. पुन्हा पोलाद. परवाचं नाणं परत आलं होतं. निदान या खेपेला तिने ते लवकर ओळखलं. लोखंडाकडे दुर्लक्ष करायची सोय तिने बंद केली, तसं बॅटरीवर हलकीशी गुरगुर आली. पण आता शेतातला प्रत्येक खिळाही गुरगुरू लागला. एवढ्या शेतात एक बॅटरी आणि शेकडो वर्षांचे खिळे.

"काका," ती म्हणाली, "बॅटरीचं झाकण उघडलं होतं का तुम्ही?"

काकांनी मान फिरवली. "हेसुद्धा जेमिमाला सांगू नकोस."

"म्हणजे मशीन चालू आहे. ढेकळाला टेकून पडलं असेल, तर स्वतःचाच आवाज ऐकून शिट्टी मारत असेल. तुम्हाला ती ऐकू येणार नाही, पण मला येईल. हेडफोन काढा. डिटेक्टर बंद करा. आणि बोलू नका."

"पहिल्या दोन गोष्टी करतो," काका म्हणाले.

पण कुठे ऐकायचं? खिशातली वस्तू माणूस वाकला की पडते, आणि काका वाकत होते फक्त खणताना. खणलेला प्रत्येक खड्डा बुजवायचा हा त्यांचा नियम असल्यामुळे खुंटांमध्ये ओल्या मातीचे काळे ठिपके लांबवर दिसत होते. दोघं एकेका ठिपक्यापाशी जायचे. तनिषा गुडघे टेकून डोळे मिटायची, काका तोंडावर हात धरून उभे राहायचे. कलत्या उन्हात वारा पडला. मोटरवेची खर्जातली घरघर तेवढी राहिली, पण तिची अडचण नव्हती. ही शिट्टी पार वरच्या पट्टीतली.

बटणाच्या खड्ड्यापाशी ती थांबली. शेजारच्या घरात कुकर शिट्टीला यावा आणि न यावा, असं काहीतरी. गेलं. परत आलं. काका जमिनीकडे बघतच नव्हते. ते तिच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"आहे," ती म्हणाली. "पण नेमकं कुठे ते कळत नाही. या पट्टीतल्या आवाजाची दिशा माणसाच्या कानाला सर्वांत वाईट समजते."

"मग तुमचं सायन्स काय कामाचं?"

"एवढ्या कामाचं." तिने आपले हातमोजे, थर्मास आणि काकांची टोपी ठेवून खाटेएवढी जागा आखून दिली. "यात आहे. आता तुमचे हेडफोन लावा."

एवढ्याशा जागेत खिळे ते किती असणार? काकांनी लेव्हीचे हेडफोन चढवले आणि डिटेक्टर गोगलगाईच्या चालीने फिरवला. एक गुरगुर, तो खिळा. दुसरी गुरगुर, तोही खिळा. तिसऱ्यावर ते थबकले. माघारी आले, पुन्हा गेले. मग बसून त्यांनी एक ढेकूळ असं उचललं, जणू खाली अंडं आहे. त्याखाली मातकट रंगाचं मशीन आपलं गाणं म्हणत पडलेलं होतं.

घरी दोघंही साळसूद. जेवणं निम्म्यावर आली आणि काकांना नवस आठवला. आता गोची अशी होती, की पोहे भिजवून नारळ, साखर, वेलदोडा घालून मलिदा करणार काकू, ताट मांडणार काकू, आणि माणसांना फोनही काकूच करणार. काकूंपासून लपवलेल्या गोष्टीचा नवस काकूंशिवाय फिटणार नव्हता. हा विचार काकांच्या मनात शेतात आलाच नव्हता.

"जेमिमा," ते म्हणाले, "पुढच्या रविवारी मलिदा करूया का?"

काकूंचा चमचा थांबला. "नवस कशाचा?"

"असंच."

"असंच कुणी एलियाहू हन्नाबीला बोलावतं? तनिषा?"

"मी न्यायाधीश आहे, काकू. साक्ष देता येत नाही."

काकू उठल्या, काकांच्या डाव्या बाजूला गेल्या आणि चष्मा नाकावर सरकवून वाकल्या. मग दोन बोटांनी त्यांच्या कानाजवळून एक गव्हाची काडी ओढून काढली.

"पीक आलंय तुमच्या कानात," त्या म्हणाल्या, आणि कपाटातून चष्म्याची जुनी दोरी आणायला गेल्या.

शनिवारी याएल म्हणायला उभी राहिली, तेव्हा काकांचं मशीन कानात होतं आणि दोरीने कोटाला बांधलेलं होतं. पोरीचा दोऱ्यासारखा आवाज उमरखाडीच्या चालीत वर गेला. काका डोळे मिटून ऐकत होते. मध्येच त्यांनी तनिषाच्या बाजूला झुकून, आपल्या मते कुजबुजत, सांगितलं, "दुसऱ्या ओळीत चुकली." असा आनंद तनिषाने त्यांच्या तोंडावर पितळी बटणाच्या वेळीही पाहिला नव्हता.

"हळू," काकू म्हणाल्या. "तिला ऐकू गेलं."

दुसऱ्या दिवशी मलिद्याला घर भरलं. लेव्ही आला तो हेडफोन परत न्यायलाच आला होता. काकूंनी केळ्याचे काप ताटात मांडता मांडता विचारलं, "न्यायाधीशबाई, निकाल?"

"बागेत गरज नाही," तनिषा म्हणाली. "वाऱ्यात उपयोग होतो. आणि हरवलेलं शोधायचं असेल, तर आधी काढायचे, मग घालायचे."

"ही काय उत्तर द्यायची रीत झाली," म्हणत काकूंनी हात पुसले आणि लेव्हीचे हेडफोन स्वतःच्या कानांवर चढवले. काका त्याच वेळी पाहुण्यांना बटणाची गोष्ट चौथ्यांदा सांगत होते. काकू थोडा वेळ त्यांच्या हलत्या ओठांकडे बघत राहिल्या. चेहऱ्यावर हळूहळू मोठं समाधान पसरलं.

"घेऊन टाका हो," त्या जरा मोठ्यानेच म्हणाल्या. "रविवारी तुमचे. आठवडाभर माझे."