दुसऱ्यांदा न्यायला

माझुंगूने रानबोरीची काटेरी फांदी इस्पितळातल्या खाटेच्या कडेला टेकवली आणि खालच्या आवाजात हाक मारली, "म्थोकोझिसी, चल बाळा. घरी न्यायला आलेय."

खाटेवर आता दुसराच रोगी होता. तो झोपलेला होता, म्हणून तिला धीर झाला. दारात सिस्टर थांडेका पाठ करून उभी होती. कोण कुठल्या खाटेवर गेलं हे सांगायची तिला बंदी होती. तिने सांगितलं नव्हतंच. चालता चालता या खाटेपाशी ती बुटाची नाडी बांधायला वाकली होती, एवढंच.

माणूस जिथे मरतो तिथून त्याचा आत्मा फांदीवर बसवून घरी आणायचा, नाहीतर तो तिथेच घुटमळतो. मुलगा अपघातात गेला तेव्हा हे एकदा करून झालं होतं. पण माझुंगूने सही करून त्याचं हृदय दुसऱ्याला दिलं, आणि तेव्हापासून थोरला दीर भेकुमुझी तिला पाण्यात पाहत होता. गोठ्यात गाय गाभडली तरी बोट तिच्याकडेच. ती सगळं गिळायची. हृदय कुठेतरी धडधडतंय, एवढं तिला पुरे होतं. ते ज्याला बसवलं होतं तो माणूसही गेल्या आठवड्यात याच खाटेवर वारला.

"पोरगं दोनदा मारलंस," दीर म्हणाला होता. "तू दिलंस, तूच आण. आता तरी सबंध आण."

तिने फांदी उचलली. आता घर येईपर्यंत बोलायचं ते फक्त मुलाशी. दुसऱ्या कुणाशी एक शब्द निघाला की तो इथेच राहणार, कायमचा.

"मावशी."

माणूस जागा झाला होता. जेमतेम तिशीचा, ओठ निळसर, पाय सुजलेले. तो फांदीकडे बघत होता. तोही तिच्याच मुलखातला. फांदी कशाला आणतात हे त्याला सांगायला नको होतं.

"या खाटेवरून कुणाला नेताय?"

तिने फांदी दुसऱ्या बाजूला घेतली.

"मला तर म्हणाले, इथल्याला नवं हृदय बसलं, बरा होऊन घरी गेला. मीही त्यासाठीच थांबलोय. उद्या सही करायचीय." त्याचा श्वास लागला. "मेला ना तो?"

माझुंगूला त्याचा संताप आला. मेल्याला आत्ताच जाग यायची होती. ती दाराकडे दोन पावलं गेली.

"मग मला नको ते. घरीच मरतो." तो पाय खाली सोडून चपला चाचपू लागला.

ती वळली. फांदीवरची तिची मूठ आवळली, काटे रुतले.

"झोप रे. खाट चुकली माझी," ती म्हणाली. "इथला घरी गेला. चालत गेला, मी पाहिलंय."

माणूस हळूहळू आडवा झाला. सिस्टर थांडेकाने वळून पाहिलं नाही.

परतताना टॅक्सीत तिने दोन जागा घेतल्या, शेजारची फांदीसाठी. नदी लागली की ती ओलांडतोय असं फांदीवरच्या मुलाला सांगायचं असतं. नदी आली आणि गेली. ती काही बोलली नाही.

फाटकाशी भेकुमुझी टोपी काढून उभा होता.

"आला?"

"आला," ती म्हणाली.

त्याने दोन्ही हातांनी फांदी घेतली, छातीशी धरली आणि तो पुतण्याला घरची ख्यालीखुशाली सांगू लागला. माझुंगू ऐकत उभी राहिली.